चारूला वाक्य कोण देणार?

आधीच सांगून टाकते, यंत्रांवर माझा राग नाही. मिरजेच्या एसटी स्टँडवर मी चौदा वर्षं गाड्या पुकारल्या आणि एका सोमवारी माझ्या खुर्चीत पुकारणारा डबा येऊन बसला, तेव्हाही मी त्याला शिव्या घातल्या नाहीत. बरा बोलायचा बिचारा. माझं भांडण माणसाशी आहे, आणि त्या माणसाचं नाव चारुशीला वेलणकर.

तिचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते.

"शुभे, मी बोलतेय."

अठ्ठावीस वर्षांनी! नाव नाही, गाव नाही, 'कशी आहेस' नाही. मी बोलतेय म्हणे. आणि माझं मेलीचं काळीज असं की आवाज ऐकल्याबरोबर हातातली शेंग खाली पडली.

आता चाळिशीच्या आतल्यांना सांगायला हवं, कारण त्यांना चारुशीला वेलणकर म्हणजे चारुछाया स्टुडिओची मालकीण एवढंच ठाऊक. कर्जतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी तिचे अकरा शूटिंग फ्लोअर आहेत, आणि मराठीत कुठलं पिक्चर निघणार नि कुठलं नाही हे तिच्या सहीवर ठरतं. पण त्याआधी ती होती सुलेखा. 'लेक सरनाईकांची' ही मालिका रोज साडेसातला लागायची, आणि सुलेखा रडली की अख्ख्या महाराष्ट्रात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.

मी त्या मालिकेची प्रॉम्प्टर. रोजच्या मालिकेत दिवसाला बारा-चौदा सीन काढायचे असतात. कागद येतात गरमागरम, लेखकाच्या हातून थेट सेटवर. पाठांतराला वेळ कुणाला आहे? मग कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, नटाच्या डाव्या हाताला एक माणूस बसतो. तो वाक्य म्हणतो, की पाठोपाठ नट म्हणतो. माइकमध्ये दोन्ही आवाज जातात आणि नंतर साउंडवाले आमचा आवाज खरवडून काढतात. पडद्यावर आमचं नाव नाही, आवाज नाही, काही नाही. बाकीचे नट थोडंफार तरी पाठ करायचे. चारूच्या डोक्यात मात्र दोन ओळी सलग टिकायच्या नाहीत. मी म्हणायचे, ती म्हणायची. पण तिच्या तोंडातून तेच वाक्य असं यायचं की लाइटवालेसुद्धा हातातलं काम सोडून बघायचे, हे मी कधी नाकारलेलं नाही.

चार वर्षं आम्ही अशा काढल्या. एका डब्यात जेवलो, एकमेकींच्या साड्यांना पिना लावल्या. मग २०१३ साली चॅनलनं ठरवलं की सुलेखाला मारायचं. तो सीन लिहिलेला कागद आधी आला तो फक्त लेखक, दिग्दर्शक आणि माझ्याकडे; मी तो आमच्या पद्धतीप्रमाणे न वाचता पिशवीत टाकला, आणि माझी पिशवी चारूच्याच मेकअप रूममध्ये असायची. दोन दिवसांनी तो जसाच्या तसा एका वर्तमानपत्रात छापून आला. काय गहजब झाला! बायकांनी चॅनलवर पत्रांचा पाऊस पाडला, फोन बंद पाडले, आणि चॅनलनं घाबरून सुलेखाला जिवंत ठेवलं. आळ आला माझ्यावर. निर्मात्यानं ऑफिसात सगळ्यांना उभं केलं आणि चारूला विचारलं, "तुम्ही सांगा मॅडम, शुभदा असं करेल का?"

चारू फरशीकडे बघत उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. तासाभरात मी बॅग घेऊन बाहेर. गेटपाशी धावत आली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मला माहितीये गं, तू नाहीस."

त्यानंतर या लाइनीत मला कुणी दारात उभं केलं नाही. मिरजेला आले. माझे बाबा शाळामास्तर, उभ्या जन्मात कुणाचा खडू घरी आणला नाही. ते जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "शुभा, खरंच नव्हता ना गं दिलास?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि ते माझ्या छातीत अजून टोचतं.

तर चारू फोनवर काय म्हणाली? "माझ्यावर पिक्चर करतेय, शुभे. तो कागदाचा प्रसंग त्यात घ्यायचाय. तुझं नाव साफ करायचंय मला. पण तुझ्यावाचून पिक्चरच होत नाहीये गं."

स्वतःच्या स्टुडिओत स्वतःवर पिक्चर! हसूच आलं मला. पण 'तुझं नाव साफ करायचंय' हे ऐकल्यावर मी शेंगा तशाच टाकल्या आणि बॅग भरायला घेतली.

*

स्टुडिओत मला डॉ. कस्तुरी आवटे भेटली. पस्तिशीची, केस कसेतरी बांधलेले, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. तिनं मला सहा नंबरच्या फ्लोअरवर नेलं. समोर भिंतभर काच होती आणि काचेच्या आत चारू उभी होती.

माझी चारू. बत्तीस वर्षांची, सुलेखाच्या मोरपिशी साडीतली, उजव्या भुवईवर तो कांजिण्यांचा बारीक खळगा. मी काचेला नाक लावून बघत राहिले.

"आम्ही हिला धाकटी म्हणतो," कस्तुरी म्हणाली. "मॅडम थोरली."

मग तिनं मला समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. पूर्वी काय करायचे, की दुसऱ्या कुणाला तरी नाचवायचं आणि वर नटीचा चेहरा चिकटवायचा. मुखवटाच तो. कस्तुरीच्या यंत्राला चेहरा शिकवलेला नव्हता, क्रम शिकवला होता. मालिकेचं सगळं कच्चं चित्रण, न कापलेलं, हजारो तास, त्याला दाखवलं होतं. कशानंतर काय होतं? श्वास अडकला की किती वेळानं डोळा भरतो? हात पदराकडे जाण्याआधी खांदा किती खाली येतो? एवढं बघितल्यावर त्या यंत्राला नवा प्रसंग दिला, तरी त्या बाईच्या अंगात पुढच्या क्षणी काय होईल ते त्याला सांगता येतं. सांगता म्हणजे, ते करूनच दाखवतं.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"बघा." कस्तुरीनं बटण दाबलं. दिग्दर्शक ऋत्विक 'ॲक्शन' म्हणाला. धाकटीनं मान किंचित डावीकडे कलती केली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. पापण्या हलतायत, श्वास चाललाय, आणि बाई नुसती उभी.

"सात महिने ही अशी उभी आहे," कस्तुरी म्हणाली. "आधी आम्हाला वाटलं, काहीतरी बिघडलंय. मग लक्षात आलं. शिकवण्याआधी आम्ही चित्रणातला तुमचा आवाज कचरा म्हणून पुसला होता. आवाज गेला, पण तो ऐकण्याची तिची पाऊण सेकंदाची शांतता राहिली. प्रत्येक वाक्याआधी. यंत्र तेच शिकलं, की बोलायच्या आधी वाट बघायची."

"मग द्या की कुणाकडून तरी वाक्य."

"दिलं. पाच नट्यांनी दिलं. ती पोपटासारखं म्हणते. मग तुमचे जुने आवाज शोधून तुमचा नकली आवाज तयार केला. तरी तेच. कारण मावशी, तुम्ही नुसतं वाक्य देत नव्हता. तिचा श्वास बघून देत होता. ती दमली की तुम्ही हळू व्हायचा, ती चढली की तुम्ही खाली यायचा. हे दोन्हीकडून चालणारं आहे. अर्धं यंत्र आमच्याकडे आहे, अर्धं मिरजेला."

मला कुणी आयुष्यात अर्धं यंत्र म्हटलं नव्हतं. पण खरं सांगू का, इतकं बरंही कुणी बोललं नव्हतं.

मी काचेच्या डावीकडे स्टूल मागून घेतलं, बसले, आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "अण्णा, मी या घरातून जाईन, पण माझ्या पायांनी जाईन."

धाकटीच्या गळ्यातली शीर हलली. "अण्णा," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य असं म्हणाली की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ऋत्विक खुर्चीतून उठून उभा राहिला. कस्तुरी तोंडावर हात ठेवून बघत होती.

'कट' झालं. धाकटी मात्र थांबली नाही. तिनं पदरानं मान पुसली, माझ्याकडे वळून म्हणाली, "शुभे, बरं झालं का गं? ही साडी टोचतेय मेली."

"ही काय भानगड?" मी किंचाळलेच.

कस्तुरी हसायला लागली. "कट म्हटल्यावरही कॅमेरा थोडा वेळ चालूच असतो ना? आणि छातीवरचा माइक तर दिवसभर. तेही तिनं सगळं शिकून घेतलंय. प्रसंग ज्या जातीचा असेल, त्या जातीचं काहीतरी कटनंतर बोलते."

*

पुढचे बावीस दिवस मी सुखात होते. लाज वाटते सांगायला, पण होते. सकाळी नऊला स्टुलावर बसायचं, वाक्यं द्यायची, आणि प्रत्येक कटनंतर धाकटीशी गप्पा. ती काही खरी उत्तरं द्यायची नाही, तिला माझं म्हणणं कळतही नव्हतं. पण चहा कुठाय विचारायची, केशभूषावाल्याला नावं ठेवायची, एकदा तर माझ्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. मी साठी ओलांडलेली बाई, लाजले! कस्तुरी म्हणायची, "मावशी, ती नुसती क्रम लावतेय हं." मी म्हणायचे, "तू तुझा गणिताचा तास दुसरीकडे घे."

थोरली अधूनमधून यायची. पांढरे कापलेले केस, मागे दोन सेक्रेटरी. चारचौघांत मला 'शुभदाताई' म्हणायची, एकटी असले की 'शुभे'. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. पिक्चरमध्ये माझं खरं नाव वापरायला माझी संमती.

"खरं नाव हवं ना गं? तरच लोकांना कळेल," ती म्हणाली.

मी चष्मासुद्धा न लावता सही केली. पिक्चरची पूर्ण संहिता मी मागितली नाही. तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी आहे का? पण आमच्यात तशी पद्धतच नाही. प्रॉम्प्टर पुढचं वाचत नाही. ज्या दिवशीचा कागद त्या दिवशी हातात येतो, तो वाचायचा आणि द्यायचा. पुढचं माहीत असलं की आवाजात येतं, असं आम्ही मानायचो. चार वर्षं मी सुलेखाचं पुढे काय होणार हे जाणूनबुजून विचारलं नाही, तर आता काय विचारणार? ही आमची अक्कल.

तेविसाव्या दिवशी सकाळी ऋत्विकनं तो कागद हातात दिला. निर्मात्याचं ऑफिस झाल्यानंतरचा प्रसंग, गेटपाशी. सुलेखाची नटी चारुशीला, आणि समोर प्रॉम्प्टर शुभदा मणेरीकर. माझं काम करणारी पोरगी गोड होती, सकाळीच पाया पडून गेली होती.

मी वाचलं.

'शुभा, कागद तू दिलास, हे मला कळलं होतं. पण तू माझी आहेस. मी कुणाला काही बोलले नाही, आणि बोलणारही नाही. जा. मी तुला माफ केलं.'

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ऋत्विकला म्हटलं, "अहो, हे उलटं छापलंय काहीतरी."

"नाही हो मावशी. मॅडमनी स्वतः तीनदा लिहून घेतलाय हा सीन. पिक्चरचा कळस आहे!" त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "चला, लाइट लागलाय."

लाइट लागला की माझं तोंड उघडतं, याला काय करू? वाक्य बाहेर पडलंच. सपाट दिलं, मेल्या आवाजात. धाकटीनं ते घेतलं आणि म्हणाली. 'मी तुला माफ केलं' म्हणताना तिचा डावा डोळा भरला.

कट.

धाकटी पाठमोरी झाली. एक हात कानाशी नेला, जसा फोन धरतात, आणि दबक्या आवाजात, भराभर बोलायला लागली.

"हो, हो, छापा. पूर्ण छापा, माझ्या मरणासकट. मी दिलाय हे कळता कामा नये. नाही हो, माझ्यावर कोण संशय घेणार, कागद शुभाकडे असतात. ठेवते, कुणीतरी येतंय." मग तिनं हात खाली घेतला, माझ्याकडे वळली आणि अगदी गोड हसून म्हणाली, "काय गं शुभे, जेवायला चलतेस?"

सेटवर पंधरा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना काही कळलंच नाही. कस्तुरीला कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि झटकन पडदा बंद केला.

*

मी थेट चारूच्या केबिनमध्ये गेले. सेक्रेटरी 'अहो ताई, अहो ताई' करत मागे. चारूनं माझा चेहरा बघितला आणि सेक्रेटरीला बाहेर जायला सांगितलं.

"तू दिलास," मी म्हटलं.

तिनं आधी विचारलं कोण म्हणतं. मी म्हटलं, तूच म्हणतेस, सहा नंबरच्या फ्लोअरवर. ती म्हणाली, यंत्र काय वाट्टेल ते बडबडतं. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. चार वर्षं मी त्या बाईचा श्वास मोजलाय. शेवटी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला मारत होते गं ते," ती म्हणाली. "बत्तिसाव्या वर्षी. नंतर कुणी विचारलं असतं मला? दुसरी वहिनी, तिसरी जाऊ, आणि मग सासूची कामं. लोक उठले, चॅनल नमलं, म्हणून मला निर्मितीत भागी मागता आली. तिथून हे सगळं उभं राहिलं. त्या एका कागदावर."

"आणि मी?"

"मला काय माहीत ते तुझ्यावर घेतील म्हणून!"

"कागद शुभाकडे असतात, हे फोनवर कोण म्हणालं?"

मी ओरडले. मी आयुष्यात कुणावर अशी ओरडले नव्हते. बाबांचं सांगितलं. त्यांनी मरताना काय विचारलं, ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि देवाशप्पथ ते खरं होतं.

"तू मला नाव साफ करते म्हणालीस, चारू."

"करतेच आहे की! अगं, आज लोकांच्या मनात काय आहे? शुभदा चोर. पिक्चरनंतर काय असेल? बिचारी शुभदा, चुकली, पण चारुशीलानं तिला पोटाशी धरलं. लोकांना तू आवडशील, शुभे."

असं ती म्हणाली. अक्षरशः असं. आणि मला जे कळायचं ते कळलं, की हिला हे मनापासून पटलेलं आहे.

"मी सही केली ती मागे घेते."

"ती मागे घेता येत नाही," ती हळूच म्हणाली. "नीट वाचायचं होतंस गं."

*

दुसऱ्या दिवशी मी फ्लोअरवर गेले ती फक्त धाकटीसाठी. ऋत्विकला म्हटलं, दुसरा कुठला तरी हलका सीन लाव. लावला. मी वाक्य दिलं, तिनं म्हटलं. कट झालं आणि धाकटी जागच्या जागी गोठली. साडी नाही, चहा नाही, काही नाही.

"कट झाल्यानंतरचं सगळं काल काढायला लावलं," कस्तुरी माझ्याकडे न बघता म्हणाली. "मूळ चित्रणातूनही."

"प्रत?"

"नाही ठेवली, मावशी. माझी छातीच झाली नाही." ती रडकुंडीला आली होती. "आणि ठेवली असती तरी उपयोग नव्हता. ती जे बोलली ते त्या दिवशी खरंच माइकमध्ये आलं होतं, की दहा तुकड्यांतून तिनं जुळवलं, हे मलासुद्धा छातीठोकपणे सांगता येणार नाही. उद्या कुणीही म्हणेल, प्रॉम्प्टर मावशींनीच तिच्याकडून वदवलं."

ते खरंच होतं. मी म्हणेन ते धाकटी म्हणणार. तिनं कितीही खरं सांगितलं, तरी ते माझंच बोलणं ठरणार. मी काचेवर हात ठेवला. आत माझी मैत्रीण मान कलती करून उभी होती, माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत.

गेटचा टेक माझ्या मेल्या आवाजामुळे सपाट आला होता, पुन्हा घ्यायचा होता. मी सांगून टाकलं, तो सीन मी देणार नाही. काय करायचं ते करा. दोन दिवस शूटिंग अडलं. दुसऱ्यांनी देऊन पाहिलं, धाकटी पोपटासारखी म्हणाली. तिसऱ्या दिवशी चारूचा निरोप आला. ती स्वतः उभी राहणार होती. चेहरा नंतर तरुण करता येतो. त्यांना फक्त थोरलीचं अंग आणि श्वास हवा होता. निरोपात शेवटी लिहिलं होतं, 'तू नुसती समोर बस. वीस वर्षांत कॅमेऱ्यापुढे गेले नाहीये. मला भीती वाटते.'

बॅग भरलेली होती. मिरजेची गाडी दुपारची होती. पण मी गेले, आणि का गेले ते सांगते. ती ऐकल्यावाचून बोलत नाही. कानात वाक्य पडलं की तिच्या तोंडातून ते बाहेर येतं, मध्ये ती नसतेच. चार वर्षांत एकदाही हे चुकलेलं नव्हतं. एकदा मी गंमत म्हणून 'अण्णा, मला भजी हवीत' असं दिलं होतं, तर बाईनं रडत रडत तेही म्हटलं होतं. आज पंधरा नाही, साठ माणसं असणार होती फ्लोअरवर. यंत्राच्या तोंडून आलेलं कुणी मानलं नसतं. तिच्या स्वतःच्या तोंडून आलं, तर?

सकाळी अकराला लाइट लागला. चारू मोरपिशी साडीत उभी राहिली. तिनं पदर तीनदा सारखा केला. समोर ती माझं काम करणारी पोरगी. मी डावीकडे, स्टुलावर. चारूनं माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. तिला खात्री होती, शुभा आली म्हणजे शुभा वाक्य देणार.

"ॲक्शन."

तिनं मान किंचित डावीकडे कलती केली. मी तिचा श्वास बघितला. तो खाली जाऊ दिला, आणि बरोबर जिथे द्यायचं तिथे दिलं. इतकं चांगलं वाक्य मी आयुष्यात दिलं नव्हतं.

"शुभा, कागद तू नाही दिलास. मी दिला. आळ तुझ्यावर आला आणि मी गप्प बसले."

पाऊण सेकंद गेला.

"शुभा, कागद," चारू म्हणाली.

आणि थांबली. मी स्टुलावरून अर्धी उठले होते. माझे ओठ तिच्यासाठी हलत होते, 'तू नाही दिलास, तू नाही दिलास'. आयुष्यात मी देवाकडे इतकं काही मागितलं नसेल. तिनं माझ्याकडे बघितलं. पूर्ण बघितलं, चुकून नाही. तिच्या गळ्यातली शीर हलली.

"तू दिलास," ती म्हणाली, "हे मला कळलं होतं. पण तू माझी आहेस. मी कुणाला काही बोलले नाही, आणि बोलणारही नाही. जा. मी तुला माफ केलं."

एक अक्षर चुकली नाही. 'जा' म्हणताना तिचा आवाज जरासा फाटला, आणि ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ती समोरची पोरगी खरोखरची रडायला लागली.

उत्तम टेक होता. खोटं कशाला बोलू?

टाळ्या सुरू झाल्या. ऋत्विक धावत जाऊन तिच्या पाया पडला. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, प्रॉम्प्टिंग काय येत होतं, काहीतरी वेगळंच ऐकू आलं!" आणि चारू डोळे पुसत म्हणाली, "अरे, वय झालं तिचं, चुकतं." सगळे मायेनं हसले. कस्तुरी तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि तो टेक धाकटीला शिकवायला घेतला. आता धाकटीलाही माझ्या वाक्याची वाट न बघता बोलता येणार होतं.

मी उठले, बॅग घेतली आणि गेटपर्यंत चालत गेले. या वेळी मागून कुणी धावत आलं नाही.

निर्मात्याच्या ऑफिसात ती फरशीकडे बघत उभी राहिली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी तिला एकाच समजुतीवर माफ करत आले होते. बाबा गेले तेव्हा, स्टँडवर लोक नाव ऐकून वळून बघायचे तेव्हा, दर वेळी मी मनाला हेच सांगायचे, की बिचारी चारू, तिला काय बोलता येतंय? त्या दिवशी मी समोर आरोपी होते; तिच्या डाव्या हाताला, वाक्य द्यायला, कुणी नव्हतं.

आज मी होते. मी दिलं होतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.